सोळा पानांची लोकल: बोलक्या अक्षरमांडणीच्या सबमिशनआधीची तयारी

टायपोग्राफीचा प्रकल्प हातात पडला की निम्मा वर्ग त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून फॉन्ट शोधायला बसतो. दुसऱ्या वर्षाला मीही बसलो होतो. चार दिवसांत ऐंशी फॉन्ट उतरवून झाले, पान मात्र कोरंच राहिलं. यंदा ज्यांना 'बोलकी अक्षरमांडणी' (म्हणजे अक्षरांच्या आकारातून आणि जागेतूनच मजकूर ऐकू यावा अशी मांडणी) आलीय त्यांच्यासाठी, मी आधी काय करायला हवं होतं ते आठवेल तसं लिहितोय. फोटो नाही, चित्र नाही, फक्त अक्षरं. ए-फाइव्हची सोळा पानं. विषय शहराचा आवाज, असं धरून चला.

आधी मजकूर ठरवा. कविता घ्यायची असेल तर घ्या, पण हक्क तपासा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. आणि पहिली सुचलेली कल्पना वहीत लिहून तिच्यावर फुली मारा, कारण ती शेजारच्यालाही सुचलेली असते. जात्यावरची ओवी गोल फिरवणारे दरवर्षी दोघं-तिघं निघतातच, पावसाच्या ओळी तिरप्या पाडणारे त्याहून जास्त. मी मध्य रेल्वेची धीमी लोकल घेतली, सीएसएमटी ते दादर. हा मजकूर कुणी लिहिलेला नव्हता, तो मला गोळा करावा लागला, आणि तेच कामी आलं.

गोळा करायला किमान दोनदा जा, एकदा दुपारी दोनच्या सुमाराला आणि एकदा संध्याकाळी साडेसहाला. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण वहीही काढा. डब्यातले सगळे आवाज फोनला सारखेच ऐकू येतात. कोणता कुठून आला ते वहीतच नोंदता येतं. ऐकू आलं तसंच लिहा, शुद्धलेखन नंतर. "पुढील स्टेशन, भायखळा" हे एका सुरात येतं, "आत सरका ना ओ" हे पाठीमागून येतं, "दादर उतरणार का?" हे खांद्याजवळ, जवळजवळ कानात येतं. मध्येच हिंदी येईल, गुजराती येईल, कुणाचं तरी फोनवर भांडण चाललेलं असेल. तेही घ्या, फक्त कुणाचं नाव-गाव पानावर येऊ देऊ नका.

घरी आल्यावर हे सगळं साध्या कागदावर एकाच आकारात उतरवा आणि पेन्सिलीने खुणा करा. माझी पहिली चूक इथेच झाली. मोठा आवाज म्हणजे मोठं अक्षर, असं सरळ समीकरण मांडलं आणि प्रत्येक पान किंचाळायला लागलं. नंतर नियम बदलला. अंतर दाखवायला आकार आणि आवाजाचा जोर दाखवायला जाडी. फलाटावरून कुणी लांबून हाक मारतंय तर अक्षर लहान पण ठसठशीत. कानाशी कुजबुज आहे तर अक्षर अख्ख्या पानाएवढं पण रेघ केसासारखी. एवढ्या एका बदलाने डब्याला खोली आली. तुमचा नियम वेगळा असू द्या, पण तो दोन ओळींत लिहून भिंतीवर लावा. नियम नसला की रात्री दोन वाजता सगळंच छान दिसायला लागतं.

मग एक दिवस बघण्यासाठी ठेवा. फ्रान्समध्ये रोबेर मासँ याने १९६४ साली एका ॲब्सर्ड, म्हणजे मुद्दाम अर्थहीन वाटणाऱ्या, नाटकाची पुस्तक-मांडणी केली, त्यात प्रत्येक पात्राला स्वतःचा टाइप दिला. पुरुष सरळ अक्षरांत बोलतात, बायका तिरक्या इटालिकमध्ये. काही शब्द त्याने रबरावर छापून ताणले आणि मग त्यांचे फोटो काढले. कल्पना चोरण्यासारखी आहे, पण जशीच्या तशी देवनागरीत उतरत नाही. आपल्याकडे कॅपिटल नाही, इटालिकची परंपरा नाही. सॉफ्टवेअरने तिरपं केलेलं देवनागरी अक्षर बोलत नाही, कलंडतं. म्हणून आपल्या घरचं बघा. कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत सापडतील; अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून काढलेली वळणं बघा; मंगल हा फॉन्ट ज्यांनी केला त्या र. कृ. जोशींचं सुलेखन बघा. यांतलं बरंचसं अक्षरलेखन आहे, पानाची मांडणी नव्हे, हे लक्षात ठेवा. शीर्षकाचा एक शब्द नाचवणं वेगळं आणि सोळा पानं वाचकाला चालवत नेणं वेगळं.

देवनागरीकडे काय काय आहे त्याचीही एक यादी हाताने करा, कट निबने (तिरक्या कापलेल्या टोकाच्या पेनने) केलीत तर उत्तम. अक्षरं शिरोरेषेला वरून लटकतात, रोमनसारखी खालच्या रेषेवर उभी राहत नाहीत. वेलांटी मागे फिरते, उकार खालच्या ओळीत घुसतो, रफार डोक्यावर बसतो. लांबवलेल्या हाकेसाठी अवग्रह आहे: "ओ दादाऽऽऽ" लिहायला दुसरी कुठलीही युक्ती लागत नाही. ओळींमधलं अंतर मुद्दाम कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत रुततो. एरवी हा दोष, पण साडेसहाच्या गर्दीसाठी मला नेमकं तेच हवं होतं. परळ ते दादरच्या पानांवर कोपरं, बॅगा, छत्र्या अशाच एकमेकांत रुतल्या. सांभाळायची गोष्ट म्हणजे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. रोमनमध्ये अक्षरं सुटी केली की पान मोकळं वाटतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तोडायचीच असेल तर एका ठिकाणी, कारण असेल तिथे तोडा. आणि शिरोरेषेचा रूळ करायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. पहिल्या रिव्ह्यूला बाहेरून आलेल्या एका डिझायनर बाई शांतपणे म्हणाल्या, "रूळ दिसला. गाडी कुठंय?"

आता फॉन्ट. तीन घराणी पुरेत, एकेका आवाजाला एक. सगळी खुल्या परवान्याची मिळतात, चोरीचे फॉन्ट वापरायची गरज नाही. उद्घोषणेसाठी मी 'मुक्ता' घेतला, कारण उद्घोषणा करणारी ती बाई कधी चिडत नाही. गर्दीसाठी 'मोदक', तोही 'मुक्ता' करणाऱ्या एकटाइप या संस्थेचाच. त्याची अक्षरं इतकी फुगलेली की आतल्या पोकळ्या चिरेसारख्या उरतात. लहान आकारात त्याचा चिखल होतो, म्हणून चाळीस पॉइंटच्या खाली नेऊ नका. स्थानकांच्या नावांसाठी 'यात्रा वन' होता. रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरूनच तो सुचलेला आहे. निवडलेला प्रत्येक फॉन्ट एका वाक्यावर तपासा: "मशीदला लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांना आधी उतरू द्या." यात आपल्या अडचणीची बहुतेक अक्षरं आहेत. ल पाकळीचा येतो की उभ्या दांड्याला टेकलेला हिंदी वळणाचा? श देठाचा आहे का? शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच शब्द आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही. 'उतरणाऱ्या'मधला र आडव्या चंद्रकोरीसारखा येतोय की य च्या डोक्यावर रफार बसलाय? दर्या आणि दऱ्या यांतला फरक तुमच्या पानावर मोडला, तर बाकी मांडणी कितीही बोलकी असली तरी मराठी वाचक तिथेच अडखळतो.

पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय आधी चालू करा. तो नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरांत पाय मोडलेले दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधून कुणी फाइल दिली तर ती बदलून घ्या आणि बदलल्यावर अक्षर न् अक्षर वाचा.

स्क्रीनवर बसण्याआधी मात्र डमी. चार ए-फोर कागद घ्या, मध्ये दुमडा, एकात एक घाला, सेंटरला दोन पिना मारा: सोळा पानं. इथे मला एक लॉटरी लागली. सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर ही आठ स्थानकं आणि त्यांच्यामधली सात अंतरं. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडलं तर सोळा पानी पुस्तिकेत समोरासमोरच्या जोड्याही सातच. प्रत्येक जोडी म्हणजे एक अंतर, प्रत्येक पान उलटणं म्हणजे एक स्थानक. मग कुठे काय येणार हे मला ठरवावं लागलं नाही, रेल्वेने आधीच ठरवलेलं होतं. तुमच्या मजकुरातही अशी मोजदाद कुठे सापडते का ते बघा: कडवी, पायऱ्या, घरं, कुकरच्या शिट्ट्या, काहीही.

डमी दुसरी एक गोष्ट शिकवते. आठ आणि नऊ ही मधली जोडी तेवढी एकाच कागदावर सलग छापली जाते. बाकी प्रत्येक जोडीचं डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्यावर असतं, त्यामुळे घडीवरून जाणारा शब्द मिलिमीटरभर तरी सरकतोच. माझी सर्वांत लांब ओळ, टाळांच्या तालावर चाललेलं भजन, मी भायखळा ते चिंचपोकळीला टाकली, कारण तीच मधली जोडी होती. इतर पानांवर घडीच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली. एका जोडीवर मात्र "दादर उतरणार का?" मधला 'का' मुद्दाम घडीत अर्धा गिळू दिला. तेवढं चाललं.

डमीवर मार्करने ढोबळ मांडणी करा, किमान तीन वेळा. दोन जोड्या जवळजवळ रिकाम्या ठेवा. दुपारच्या गाडीत करी रोडला माझ्या डब्यात कुणीच बोललं नव्हतं. त्या पानांवर खाली कोपऱ्यात फक्त "पुढील स्टेशन, परळ" आहे. सरांनी सगळ्यात जास्त वेळ तेच पान धरून ठेवलं होतं, का ते त्यांनी सांगितलं नाही.

छपाईचं थोडक्यात. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा जागा. काळ्या मजकुराला फक्त काळीच शाई द्या, चार रंगांचं काळं बारीक अक्षराभोवती सावली सोडतं. कॉलेजबाहेरच्या दुकानात फाइल कोरल या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली जाण्याची शक्यता गृहीत धरा. माझी 'मशीद' तिथे 'मश' अधिक सुटी वेलांटी अधिक 'द' अशी फुटली होती आणि काउंटरवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणून पीडीएफ न्या आणि सोबत सगळा मजकूर कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेली, दुसरी फाइल न्या. मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा, कर्व्ह केल्यावर एक काना बदलायचा म्हटला तरी पुन्हा सुरुवात. कागदाला हात लावून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आर्ट पेपरवर दिव्याचा प्रकाश चमकतो आणि केसासारखी बारीक अक्षरं हरवतात. मला न चमकणारा मॅपलिथो कागद बरा वाटला.

पूर्ण आकाराची एक प्रत काढून घरात कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या आणि आपण गप्प बसा. माझ्या आईने उद्घोषणा खरोखरच त्या बाईच्या सुरात वाचली, पण गर्दीची पानं वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "इथं कुठून सुरू करायचं?" तिचं बोट जिथून जिथे फिरत होतं ते मी पेन्सिलीने नोंदलं आणि त्या पानावरचे तीन शब्द हलवले. बाकी गोंधळ तसाच ठेवला, कारण दादरला कुठून सुरू करायचं हे कुणालाच कळत नाही.

सबमिशनच्या दिवशी दोन प्रती, एक डमी, खुणा केलेला तो पहिला कागद आणि पेन ड्राइव्ह एवढं सोबत असू द्या. दुसरी प्रत वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि लोकलने जाणार असाल तर ती पिशवी पाठीवर नको, पोटाशी धरा.