सेट, कलेक्शन, बंच की बॅच? नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

‘सेट’ हा इंग्रजी शब्द आपण मराठी बोलतानाही सर्रास वापरतो. डिनर सेट, मोत्यांचा सेट, ‘कागदपत्रांचे तीन सेट झेरॉक्स काढून आणा’. यात काही चूक नाही. पंचाईत होते ती इंग्रजीत लिहिताना. एकाच परिच्छेदात ‘सेट’ तिसऱ्यांदा आला की आपण समानार्थी शब्दांची यादी उघडतो आणि कलेक्शन, ग्रुप, बंच, बॅच, रेंज यांतला जो हाताला लागेल तो ठेवून देतो. व्याकरण बिघडत नाही, पण वाचणाऱ्याला खटकतं. म्हणून यादी उघडण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या वस्तू एकत्र आहेत त्या कशामुळे? उत्तर मिळालं की शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

सुरुवात अशी करा: त्यातली एक वस्तू मनातल्या मनात काढून टाका. बुद्धिबळाच्या 32 मोहऱ्यांतला एक घोडा हरवला तर डाव मांडता येत नाही. तिथे इंग्रजीत ‘चेस सेट’ म्हणतात. एक गेल्याने उरलेलं अपुरं वाटत असेल, तर ‘सेट’ हाच शब्द योग्य. झेरॉक्सचंही तसंच, प्रत्येक गठ्ठ्यात गुणपत्रिका, दाखला, ओळखपत्र सगळं हवं, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतात. आपला ‘संच’ही याच जातीचा आहे. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं छापतात तेव्हा प्रत्येक भूमिकेला नट मिळालेला असतो. गणितातला ‘सेट’ मात्र वेगळा. नववीच्या पुस्तकात भेटणाऱ्या त्या संचात क्रमाला महत्त्व नाही, तोच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच मोजतात, आणि संच चक्क रिकामाही असू शकतो. ती व्याख्या रोजच्या बोलण्यात आणू नका.

एक काढली तरी काही अडत नसेल, उलट आणखी भर घालता येत असेल, तर पुढचा प्रश्न: कुणी आवडीने जमवलंय का? मग ‘कलेक्शन’. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते एका माणसाने ध्यास घेऊन गोळा केले. ते ‘कलेक्शन’ आहे, ‘सेट’ नव्हे, कारण त्यात आणखी एका अडकित्त्याला नेहमीच जागा होती. नाणी, तिकिटं, पुस्तकं यांनाही हाच शब्द. एका कवीचा कवितासंग्रह ‘कलेक्शन’, पण अनेक कवींच्या निवडक कवितांचं संपादित पुस्तक असेल तर ‘अँथॉलॉजी’. इथे एक सवय मात्र मोडायला हवी. ‘आमच्याकडे पैठण्यांचं मोठं कलेक्शन आहे’ असं दुकानदार म्हणतो, त्याचं इंग्रजी करताना ‘अ वाइड रेंज’ किंवा ‘अ गुड सिलेक्शन’ म्हणावं. माल विकायला ठेवलाय, जपायला नाही. एखाद्या डिझायनरने हंगामासाठी तयार केलेले कपडे असतील तर ‘कलेक्शन’ बरोबर.

आता ‘बंच’. वस्तू एका देठाला, दोऱ्याला किंवा कडीला धरून असतील तर हा शब्द. मराठीची श्रीमंती इथे दिसते. द्राक्षांचा घड, फुलांचा गुच्छ, कोथिंबिरीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, या सगळ्यांना इंग्रजीत ‘बंच’ चालतो. केळ्यांच्या व्यापारात घडाला ‘बंच’ आणि फणीला ‘हँड’ म्हणतात, पण दुकानातून फणी घेताना लोक ‘अ बंच ऑफ बनानाज’च म्हणतात. लसणाच्या गड्ड्याला मात्र ‘बंच’ लावू नका, तो ‘हेड’ किंवा ‘बल्ब’.

किल्ल्यांचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कमरेला अडकवलेला जुडगा ‘अ बंच ऑफ कीज’. भाड्याचं घर सोडताना मालकाला परत द्यायच्या त्या ‘अ सेट ऑफ कीज’: मुख्य दार, लोखंडी जाळी, टपालपेटी, सगळ्या हव्यात. किल्ल्या त्याच, पण पहिल्यांदा त्यांना कडीने एकत्र धरलंय, दुसऱ्यांदा घराने. ‘अ बंच ऑफ फ्रेंड्स’ हे घरगुती बोलणं झालं, अर्जात किंवा अहवालात ‘ग्रुप’ लिहा.

‘बॅच’ म्हणजे एका वेळी तयार झालेलं किंवा हाताळलेलं. शब्दाचं मूळ ‘बेक’शी जोडलेलं आहे, म्हणून भट्टीतून एकदम निघालेली नानकटाई ‘अ बॅच’. शिकवणीची ‘सकाळची बॅच’ भारतात सगळ्यांना कळते, ब्रिटनमध्ये ‘क्लास’ किंवा ‘ग्रुप’ म्हणावं. क्रम महत्त्वाचा असेल तर ‘सिरीज’, एका कामासाठी लागणारं सामान असेल तर ‘किट’.

माणसांसाठी साधारणपणे ‘ग्रुप’. ‘अ सेट ऑफ स्टुडंट्स’ कानाला विचित्र लागतं. पण ब्रिटनमध्ये मुलं शाळेत असलेल्या मराठी पालकांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या अनेक शाळा एखाद्या विषयातल्या प्रगतीनुसार मुलांचे गट पाडतात आणि त्या गटाला ‘सेट’ म्हणतात. ‘टॉप सेट फॉर मॅथ्स’ म्हणजे गणिताचा वरचा गट. आणि तिथल्या फर्निचरच्या दुकानात सोफा आणि दोन खुर्च्या मिळून जो ‘थ्री-पीस स्वीट’ होतो, त्याचा उच्चार ‘सूट’ केलात तर कोट-पँट-जाकीट समोर येईल.

शब्द ठरला की क्रियापद तपासा. ‘अ सेट ऑफ टूल्स’नंतर ‘इज’, कारण सेट एक आहे. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’नंतरही ‘इज’. पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे बरेच विद्यार्थी, तिथे ‘आर’. ‘सिरीज’चं अनेकवचनही ‘सिरीज’च.

तरीही शंका राहिली तर शब्दकोशातला अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. 1989 साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या 20 खंडी कोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच होती. नुसत्या अर्थांवरून निवड करायला बसलात तर गोंधळच वाढेल. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी काढलेला कोश घ्या, त्यात कोणत्या नामाशी कोणता शब्द जोडला जातो ते दिलेलं असतं. मग स्वयंपाकघरातल्या पाच-सहा गोष्टींवर हात बसवा: मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या, कढीपत्त्याची जुडी, आज तळलेल्या चकल्या, आजीने वर्षानुवर्षं जमवलेली पितळी भांडी.