बेसबॉलचा स्विंग: कोच बोलतो काय, बॅट करते काय

अमेरिकेत लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, मैदानावर जाळीमागे थोडा वेळ उभं राहा. बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोराला एका दमात तीन हाका ऐकू येतात: ‘स्टे बॅक’ (वजन मागे ठेव), ‘थ्रो युअर हँड्स’ (हात चेंडूवर फेक), ‘स्विंग डाऊन’ (बॅट खाली आण). तिन्ही पाळायला गेलेलं पोर अवघडून जातं आणि चेंडू मागे बसून झेलणाऱ्या कॅचरच्या हातात. गोची अशी की, या सूचना बहुतेक वेळा सांगणाऱ्याला मारताना जे जाणवतं ते सांगतात. शरीर प्रत्यक्षात करतं ते वेगळंच.

खालचा क्रम उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलटा धरावा.

१. उभं राहणं. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, गुडघे सैल. बॅट तळव्यात नको, बोटांत धरा. उजवा हात वर, डावा खाली. ‘बॅक एल्बो अप’ (मागचं कोपर वर) असं कुणी ओरडलं तर फार मनावर घेऊ नका. स्विंग सुरू झाला की ते कोपर बरगडीशी येतंच.

२. लोड, म्हणजे फटक्याआधी ताकद साठवणं. पिचर (चेंडू फेकणारा) हात मागे नेतो तेव्हा वजन उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला घ्या, हात थोडे मागे. ‘स्टे बॅक’चा उपयोग इथे आहे, पण डोकं आणि छाती चेंडूकडे झेपावू नये एवढाच. वजन शेवटपर्यंत मागच्या पायावर ठेवलं तर फटक्यात जीव राहत नाही.

३. पाऊल. डावा पाय हलकेच पुढे टेकवा. हात मागेच राहू द्या. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, पिचर पाय टेकवतो ती पट्टी प्लेटपासून (बॅट घेतलेल्या खेळाडूजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीपासून) 60 फूट 6 इंचांवर असते आणि ताशी 95 मैलांचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात पोचतो. पाऊल उशिरा पडलं की पुढचं सगळं घाईत होतं.

४. वळण. खरी ताकद इथून येते. आधी कंबर फिरते, मग खांदे, मग हात, सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. गोफणीतला दगड जसा हाताच्या मागून येऊन हातापेक्षा वेगाने सुटतो तसं. म्हणून ‘थ्रो युअर हँड्स’ नवख्याला घातक: हात आधी सुटतात, कंबर मागे राहते.

‘स्क्विश द बग’ म्हणजे मागच्या पायाने किडा चिरडल्यासारखी टाच फिरवायची. पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलंय, पण मोठ्या खेळाडूचा कुठलाही होमरन (मैदानाच्या कुंपणापलीकडे जाणारा फटका) स्लो मोशनमध्ये पाहा. चेंडू लागतो त्या क्षणी डावा पाय ताठ आणि घट्ट असतो, उजवी टाच हवेत, कधी कधी तर बोटंही जेमतेम टेकलेली. कंबर ओढते म्हणून पाय वळतो. पायच मुद्दाम वळवला तर वजन मागेच अडकतं.

५. बॅटची वाट. पिचर उभा असतो तो मातीचा उंचवटा, म्हणजे माउंड, 10 इंच उंच असतो. फास्टबॉलसुद्धा, म्हणजे सगळ्यात वेगवान चेंडूसुद्धा, प्लेटवर येताना साधारण सहा अंशांनी खाली उतरत असतो. त्यामुळे बॅट किंचित वर जाणाऱ्या वाटेवर असेल तर चेंडूच्या रेषेत जास्त वेळ राहते. 1941 मध्ये .406 च्या सरासरीने (हजार संधींमागे 406 यशस्वी फटके या प्रमाणात) मारणारे मेजर लीगचे खेळाडू टेड विल्यम्स हेच सांगत. तरीही ‘स्विंग डाऊन’ कधी कधी लागू पडतं! ज्याचा मागचा खांदा फार खाली पडतो, त्याने ‘खाली मारायचंय’ असा विचार केला की बॅट नेमकी हवी तिथे येते. ते औषध त्या पोराचं. सगळ्या टीमला पाजायचं नसतं.

६. फटका. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. मनगटं चेंडू गेल्यावर उलटतात, आधी नाही.

आता कुठली सूचना आपल्या कामाची हे ठरवायचं कसं? टी (चेंडू ठेवायचा उभा दांडा) पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, दहा फुटांवर जाळी बांधा आणि मोबाईल बाजूने स्लो मोशनवर लावा. एका वेळी एकच सूचना डोक्यात ठेवून दहा चेंडू मारा. जाळीवर चेंडू टीच्या उंचीपेक्षा दोन ते साडेचार फूट वर लागत असेल, तर तो 10 ते 25 अंशांत, म्हणजे लाइन ड्राइव्हच्या (सपाट, जोरदार फटक्याच्या) पट्ट्यात निघतोय. सतत त्याखाली लागला, तर ती सूचना सोडून द्या, कोच कितीही मोठा असला तरी.