हरभऱ्यावरील घाटे अळी : मादी पतंग अंडी घालते तेव्हाच सावध व्हा

मराठवाड्यातील हरभरा आता कळी-फुलोऱ्याकडे वळत असून शेजारच्या तुरीतही घाटे अळीचे पतंग दिसू लागले आहेत. अळी मोठी होऊन घाट्यात डोके खुपसते तोवर नुकसान होऊन गेलेले असते, म्हणून मादी पतंग शेत कसे निवडते हे समजून कामाला लागावे.

मादी रात्री उडते. झाडांतून हवेत मिसळणारा गंध ती डोक्यावरील शृंगिकांनी (मिशांनी) टिपते, त्या मागाने पिकाजवळ येते, पानावर बसल्यावर पायांवरील बारीक केसांनी पृष्ठभागाची चव घेते आणि मगच अंडे चिकटवते. फुलोऱ्यातील पीक तिला अधिक ओढते. अंडी ती पुंजक्याने न घालता कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर एकेक करून घालते. ती पिवळसर पांढरी, खसखशीएवढी असतात, उबण्यापूर्वी गडद होतात आणि साधारण ३ ते ५ दिवसांत त्यांतून अळी बाहेर पडते. म्हणून सकाळी शेतात तिरपे चालत जाऊन शेंडे डोळ्यांजवळ धरून पाहावेत.

हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या वर साधारण एक फूट राहतील असे लावावेत. सापळ्यातील गोळीला मादीचा गंध असल्याने त्यात फक्त नर अडकतात; अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. तेव्हा एवढ्या सापळ्यांनी कीड आटोक्यात येईल असे समजू नये, त्यांचा खरा उपयोग इशाऱ्यासाठी आहे. सलग २-३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले, की अंडी घालणे जोरात सुरू आहे असे धरावे.

अशा वेळी ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा, कारण उन्हात त्यातील अझाडिरेक्टिन हा किडीला रोखणारा घटक लवकर निकामी होते. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळून द्रावण १०० लिटर करावे. या फवाऱ्याने मादी अंडी घालण्यास कचरते आणि लहान अळ्यांचे खाणेही मंदावते.

हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरील केसांतून पाझरणारा आंबट रस, मात्र दोन्हीकडे काम करते. तिच्यातील ऑक्झॅलिक आम्लाने अळीची वाढ खुंटते, पण आंबट, चिकट केसांमुळे किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकालाही पानावर नीट फिरता येत नाही. कपाशी-टोमॅटोत हा मित्रकीटक पतंगाच्या खवल्यांच्या गंधावरून अंडी शोधतो. हरभऱ्यात मात्र ट्रायकोकार्डवर, म्हणजे ट्रायकोग्रामा शेतात सोडण्यासाठीच्या कार्डांवर, पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मादीला पिकाऐवजी आपल्याकडे ओढणारे सापळा पीक म्हणून बांधावर झेंडू असेल तर तो हरभऱ्याबरोबरच फुललेला हवा, कारण बिनफुलांचा झेंडू मादीला ओढत नाही. झेंडूवरील अंडी-अळ्या वेचून नष्ट कराव्यात. पिकात ओळीच्या एका मीटरमागे १ ते २ अळ्या दिसू लागल्यास, त्या लहान असतानाच घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, लेबलवरील मात्रेने संध्याकाळी फवारावा.