मैत्रिणीच्या पडत्या काळात सोबत कशी करावी

नोकरीच्या पहिल्या दिवसांत, चाळीतल्या शेजारात किंवा मुलांच्या शाळेच्या फाटकाशी ओळख होऊन जुळलेल्या मैत्रिणी पन्नाशीला येईपर्यंत एकमेकींचे स्वभाव पुरते ओळखून असतात, आणि रुसवेफुगवे निस्तरण्याची त्यांची रीतही ठरून गेलेली असते. अशा मैत्रीची खरी कसोटी लागते ती एकीवर मोठे संकट कोसळल्यावर. पतीचे निधन होते, कर्करोगाचे निदान होते, घर कर्जात बुडते. दुसरीच्या मनात माया पुरेपूर असते, पण नेमके काय करावे हे तिला उमगत नाही. ‘काही लागले तर हक्काने सांग’ एवढे बोलून ती घरी येते. हक्काने सांगण्याचे त्राणच जिच्यात उरलेले नाही तिच्याकडून निरोप येत नाही, आणि ‘तिला त्रास नको’ असे म्हणत म्हणत महिन्याभरात फोनही थांबतात. जिच्यावर संकट आले आहे तिने मागावे अशी वाट न पाहता, दुसरीने आपल्या अंगावर घेण्याचे काम आणि त्याचा वार स्वतः ठरवावा, हे या लेखातील साऱ्या सूचनांचे मूळ आहे.

पतीच्या निधनानंतरच्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते. त्या गर्दीत मैत्रिणीने सांत्वनासाठी शेजारी बसून राहण्यापेक्षा, दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाहीत अशी कामे पाहावीत. तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत ना, सासूबाईंचे पथ्याचे जेवण होते आहे ना, बारावीला असलेल्या मुलाची क्लासची वेळ कोण सांभाळते आहे, हे विचारून त्यांतील एखादे काम परस्पर करून टाकावे. ‘कसे झाले, शेवटी काय बोलले’ हे तिला पुन्हा सांगायला लावू नये; भेटायला येणारा प्रत्येक जण ते विचारतच असतो. चौदाव्या दिवशी नातेवाईक पांगतात आणि घर एकदम रिकामे होते. मैत्रिणीचे खरे काम तेव्हा सुरू होते. आठवड्यातला एक वार ठरवावा, तिला तो सांगावा आणि वर्षभर पाळावा. दर मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास येणारी मैत्रीण ही सवडीनुसार वरचेवर डोकावणाऱ्या मैत्रिणीपेक्षा अधिक आधाराची असते, कारण त्या अर्ध्या तासावर भरवसा ठेवून बाकीचा आठवडा काढता येतो.

यानंतरचे काम कागदपत्रांचे. मैत्रिणीने त्यात पडू नये असे अनेकींना वाटते, पण माझे मत नेमके उलटे आहे. आर्थिक व्यवहार पतीने पाहिलेले असतील तर या वयाच्या स्त्रीला बँकेच्या खिडकीशी एकटीने उभे राहणे शोकाइतकेच जड जाते, आणि घरातले पुरुष मदत करतात तेव्हा बहुधा ‘इथे सही कर’ एवढेच सांगतात. मैत्रिणीने तिच्या शेजारी बसून, प्रत्येक कागद तिला वाचून दाखवून, एका वहीत नोंद करायला मदत करावी. पैशांचे आकडे आपण विचारू नयेत. ती दाखवील तेवढेच पाहावे आणि पाहिलेले कोठेही बोलू नये.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर ती माहिती रुग्णालयाकडून जाते, तरी नाव आणि पत्ता बिनचूक लिहिला आहे की नाही हे दाखला हातात येताच पाहावे, आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. पतीचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचा मोह कोणी घातला तरी तो टाळायला सांगावे, कारण पुढे वारसांत वाद झाल्यास तो व्यवहार तिच्याच अंगलट येतो. त्यानंतर पतीच्या बँक पासबुकातील दरवर्षीच्या मे महिन्याच्या नोंदी तपासाव्यात. तिथे ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ते बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे हप्ते असतात, आणि योजना चालू असताना मृत्यू झाला असेल तर वारसदाराला दोन लाख रुपये मिळतात. कितीतरी घरांत ही वजावट कशाची, हे कोणालाच माहीत नसते. पती खासगी नोकरीत असताना गेले असतील तर भविष्य निर्वाह निधीच्या रकमेबरोबरच विधवा निवृत्तिवेतन आणि निधीशी जोडलेला विमा यांसाठीही अर्ज करावा; या विम्याची रक्कम सात लाखांपर्यंत असू शकते.

एका कागदाबाबत मैत्रिणीने ठाम राहावे. तो म्हणजे हक्कसोडपत्र, मिळकतीतला आपला वाटा सोडून दिल्याचा दस्त. दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच दीर किंवा चुलत सासरे ‘शेतीचे कागद एकत्र ठेवू’, ‘मुलाच्या नावावर करून टाक, तुला काय कमी पडणार’ असे म्हणत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेण्याची घाई करतात. कधी त्यात लबाडी असते, कधी खरोखरीच भाबडेपणा असतो. सही मात्र दोन्ही वेळी तितकीच पक्की असते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नीला मुलगा, मुलगी आणि पतीची आई यांच्याबरोबरीने वाटा मिळतो. तिने तो सोडायचा की ठेवायचा हा निर्णय सर्वस्वी तिचा आहे, पण तो पहिल्या काही महिन्यांत, स्वतःच्या वकिलाला न विचारता होऊ नये. वकिलाचा खर्च परवडणारा नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा. या प्रत्येक ठिकाणी मैत्रिणीने सोबत जावे, बोलायचे मात्र तिला द्यावे. पहिल्या दोन खेपांना तिचा आवाज कापेल. तिसऱ्या खेपेला ती स्वतः प्रश्न विचारू लागते.

मग येते संक्रांत. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालते, आणि वर्षानुवर्षे बरोबरीने वाण लुटलेल्या बायकांपैकी एकीला त्या वर्षी बोलावणे येत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून बोलावले नाही, असे बोलावणारी म्हणते. आपल्याला टाळले, हे न बोलावलेलीला कळते. दीर्घ मैत्रीतल्या भेगा मी अधिक करून इथेच पडलेल्या पाहिल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जे एका गावाला जमले ते आपल्या बैठकीच्या खोलीत करणे अवघड नाही, मात्र ते करताना मैत्रिणीचे प्रदर्शन होऊ देऊ नये. आठ दिवस आधी तिच्या घरी जाऊन, एकांतात, ‘तू यावेस अशी माझी फार इच्छा आहे, मी सगळ्यांसारखेच तुलाही हळदीकुंकू लावणार आहे, तुला चालेल का’ असे सरळ विचारावे. ती हो म्हणाली तर आपल्या सासूबाईंना, जावेला आणि येणाऱ्या चार बायकांना तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी कोणी हात आखडता घेणार नाही आणि कोणी टाळ्याही वाजवणार नाही. ती नाही म्हणाली तर आग्रह धरू नये. तिळगूळ घेऊन त्याच दिवशी तिच्याकडे जावे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. एकदा नकार आला म्हणजे कायमचा नकार, असे धरून चालू नये.

आपल्या घरातील आनंदाच्या बातम्यांबाबतही हेच. मुलीचे लग्न ठरले, नवऱ्याला बढती मिळाली, दोघे मिळून सहलीला निघाले, या गोष्टी तिच्यापासून लपवल्या तर त्या तिला तिसरीकडून कळतात. पत्रिका छापण्याआधी, समक्ष, आपणच सांगाव्यात. सांगताना तिचे डोळे भरून आले तर विषय बदलू नये, थोडे थांबावे. केळवणाला बोलवावे आणि एखादे काम तिच्याकडे सोपवावे.

संकट आजारपणाचे असेल तर सोबतीची रीत बदलते. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीच्या फेऱ्या सहसा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने होतात, आणि प्रत्येक फेरीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. म्हणून फेऱ्यांच्या तारखा आपल्या दिनदर्शिकेवर लिहाव्यात आणि त्या मधल्या दिवसांत सर्दी-खोकला असताना तिच्या घरी मुळीच जाऊ नये, फोनवर बोलावे. तिचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. तिच्या नवऱ्याला रात्री-अपरात्री गाडी कोण देईल, हे आधीच ठरवून ठेवावे. डबा नेण्यापूर्वी त्या दिवशी काय सोसवते ते विचारावे. फोडणीच्या वासाने मळमळणाऱ्या बाईला भरली वांगी नेऊन उपयोग नाही; मऊ भात, तूप-मेतकूट, मुगाचे कढण असे थोडे आणि ताजे न्यावे. काखेतील गाठी काढलेल्या बाजूच्या हाताने तिला जड पिशवी, पाण्याची कळशी किंवा कुकर उचलू देऊ नये. खर्चाची काळजी असेल तर राज्य शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी उपचार सुरू होण्याआधीच, योजनेशी संलग्न रुग्णालयात मदतीसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राला भेटून करावी. गावाकडची मैत्रीण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी येणार असेल आणि आपले घर लहान असेल, तर परळ येथील नाना पालकर स्मृती समिती आणि दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा यांच्याकडे राहण्याची विचारणा आपण मुंबईत असल्यामुळे लवकर करू शकतो.

केस जाऊ लागतात ते बहुधा पहिल्या फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा ‘परत येतील ग’ हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकलेले असते. त्यापेक्षा तिच्याशी तिच्या आजाराखेरीज इतर विषयांवर बोलावे: आपल्या सुनेशी झालेली कुरबुर, कार्यालयातली बदली, मोडलेला मिक्सर. तिचा सल्ला खरोखरीच विचारावा आणि पटला तर मानावा. ज्या बाईकडून कोणीच काही मागत नाही तिला आपण उगाचच जगतो आहोत असे वाटू लागते, आणि ही भावना अनेकदा वेदनेपेक्षा अधिक खचवते.

पैशांचा प्रश्न आला तर मोकळेपणाने आणि मोजून वागावे. परत न आल्यास आपला संसार विस्कटणार नाही एवढीच रक्कम द्यावी, घरात सांगून द्यावी, आणि परतफेडीचे दोन ओळींचे टिपण दोघींनी करावे. कर्जाला जामीन राहण्याची विनंती मात्र नम्रपणे नाकारावी, कारण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडे वसुली मागू शकते. ‘जामीन राहणार नाही, पण एवढे पैसे माझे म्हणून घे’ असे सांगितल्याने एखाद्या वेळी नाराजी येते. बँकेची नोटीस दोन्ही घरांत आल्यावर जे होते त्यापेक्षा ती सोसण्यासारखी असते. भिशीतला तिचा हप्ता थांबला असेल तर तो विषय गटात न काढता भिशी चालवणारीने एकटीने तिच्याशी बोलावा.

सोबत करणारीही याच वयाची असते. तिचीही पाळी जाण्याचे दिवस असतात, झोप अपुरी असते, घरात कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले असते. म्हणून तीन-चार मैत्रिणींनी वार वाटून घ्यावेत आणि आपल्याला येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्पष्ट कळवावे. व्हॉट्सॲपवरचा गट केवळ कामाच्या वाटणीपुरता ठेवावा, तिच्या तब्येतीची किंवा घरातल्या भांडणांची चर्चा त्यावर करू नये. ती चिडून काही बोलली तर त्याच दिवशी उत्तर देऊ नये, पण ठरलेल्या वारी नेहमीप्रमाणे जावे. बोललेले मनाला फार लागले असेल तर ती सावरल्यावर, दोघीच असताना, ते सांगावे. पोटात ठेवून येणे-जाणे कमी करू नये.

मैत्रिणीच्या हातचे नसते असेही काही असते. अनेक आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना गेली, आंघोळ करावीशी वाटत नाही, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी भाषा तोंडी येऊ लागली, तर ते गुपित म्हणून सांभाळू नये. जीव देण्याचा विचार येतो का, हे तिला स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो आले तर तिला एकटे सोडू नये, तिच्या घरातल्या विश्वासू माणसाला त्याच दिवशी सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञाची लवकरात लवकरची वेळ घ्यावी. टेली-मानस ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. पहिला फोन आपल्या मोबाइलवरून लावून तिच्या हाती द्यावा. पहिल्या भेटीला तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, तिला हवे असेल तर आत बसावे, नको असेल तर बाहेरच्या बाकावर थांबावे, आणि पुढच्या भेटीची तारीख निघण्याआधीच लिहून घ्यावी.