किलेटिंग औषधे: नाव, क्रम आणि मात्रेतल्या या चुका टाळा

किलेटिंग औषधे, म्हणजेच किलेटर, धातू पकडून बांधून ठेवतात. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘डायसोडियम एडेटेट’ लिहिलेले असते. शिशाच्या विषबाधेत इंजेक्शनने देतात ते ‘कॅल्शियम डायसोडियम एडेटेट’. दोन्हींत ईडीटीए हाच किलेटर आहे, पण दुसऱ्याऐवजी पहिले शिरेतून गेले तर रुग्ण दगावू शकतो. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात ईडीटीए दिल्यानंतर रक्तातले कॅल्शियम घसरून हृदय बंद पडल्याचे तीन मृत्यू नोंदले गेले. त्यांत दोन मुले होती. टेक्सासमधली दोन वर्षांची मुलगी तर शिशाच्या उपचारासाठीच दाखल झाली होती.

हिशेब करून पाहा. १ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए (डायहायड्रेट) साधारण १०८ मिलिग्रॅम कॅल्शियम बांधतो, म्हणजे ३ ग्रॅम सुमारे ३२० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या सगळ्या प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) मिळून कॅल्शियम असते जेमतेम ३०० मिलिग्रॅम! हाडांतून भरपाई होत राहते, पण औषध भराभर गेले तर ती पुरत नाही. कॅल्शियमयुक्त प्रकारात ईडीटीएची धातू धरायची जागा कॅल्शियमने आधीच भरलेली असते. शिशाशी ईडीटीएचा बंध कॅल्शियमपेक्षा कोटीपटींनी पक्का, त्यामुळे शिसे भेटले की तो कॅल्शियम सोडून शिसे धरतो.

म्हणून केसपेपरवर नुसते ‘ईडीटीए’ कधीही लिहू नका. पूर्ण नाव लिहा आणि व्हायलवरचा ‘कॅल्शियम’ हा शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्या. डायसोडियमचे इंजेक्शन वॉर्डच्या कपाटात ठेवायलाच नको.

शिशाच्या उपचारात क्रम चुकतो

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे शिशाचा स्रोत तसाच ठेवून औषध सुरू करणे. जुना रंग, बॅटरी गाळण्याचे काम, शिसे असलेले भस्म, जे काही असेल ते आधी शोधून बंद करा. पोटाच्या एक्स-रेमध्ये शिशाचे कण दिसले तर आधी आतडे साफ करा. आतड्यात शिसे असताना किलेटर दिला तर ते जास्त शोषले जाण्याचा धोका असतो.

मुलांमध्ये रक्तातले शिसे ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल आणि मेंदूची लक्षणे नसतील, तर तोंडाने सक्सिमर हा किलेटर देतात: दर किलोला १० मिलिग्रॅम, ५ दिवस दर ८ तासांनी, मग १४ दिवस दर १२ तासांनी. कोर्स संपल्यावर पातळी पुन्हा वर गेली की ‘औषध लागू पडले नाही’ असे समजून लगेच दुसरा कोर्स सुरू केला जातो. हाडांत साठलेले शिसे रक्तात उतरत असते, त्यामुळे ही वाढ अपेक्षितच आहे. दोन कोर्समध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या, पुन्हा तपासा आणि घरात स्रोत राहिला नाही ना, हे पाहा.

झटके, गुंगी अशी मेंदूची लक्षणे असतील तर कॅल्शियम ईडीटीए एकटे देऊ नका. त्याने हललेले शिसे मेंदूत जाऊ शकते. आधी बीएएल (डायमरकॅप्रॉल) हा दुसरा किलेटर, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, खोल स्नायूत, दर ४ तासांनी. पहिल्या डोसनंतर ४ तासांनी, लघवी होते आहे याची खात्री करून, ईडीटीए. बीएएल शेंगदाण्याच्या तेलात असते, म्हणून अ‍ॅलर्जी विचारा. ते शिरेतून कधीच द्यायचे नाही. ते चालू असताना लोहाच्या गोळ्या बंद ठेवा, कारण बीएएल आणि लोहाचे संयुग स्वतःच विषारी असते. मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेत बीएएल नकोच, पारा मेंदूत ढकलला जातो.

आणखी एक फसवी गोष्ट: आधी किलेटर देऊन मग लघवीतले धातू मोजणे. किलेटर घेतल्यावर निरोगी माणसाच्याही लघवीत धातू वाढतात. तो आकडा औषधाविना ठरवलेल्या मर्यादेशी ताडला की विषबाधा ‘सापडते’ आणि नको ते उपचार सुरू होतात.

थॅलेसेमियात गोळी बदलताना

थॅलेसेमियात वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते, ते काढायला डेफेरासिरॉक्स हा किलेटर देतात. त्याची पाण्यात विरघळवायची गोळी आणि फिल्म-कोटेड गोळी यांची मात्रा सारखी नाही. पहिली दर किलोला २० मिलिग्रॅम असेल तर दुसरी १४. ३० किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅमऐवजी सुमारे ४२० मिलिग्रॅम पुरतात. जुनाच आकडा चालू ठेवला तर मूत्रपिंड आणि यकृतावर भार पडतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) नियमित तपासा.

औषध बनवताना

इथे ईडीटीएचे काम सूक्ष्म धातू पकडण्याचे आहे. तांबे-लोहाच्या खुणा अ‍ॅड्रेनलिन किंवा क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडेशन भडकवतात. ०.०१ टक्का डायसोडियम ईडीटीए तत्त्वतः लिटरमागे १५ मिलिग्रॅम लोह बांधू शकतो, म्हणून आंधळेपणाने मात्रा वाढवण्यात अर्थ नाही. तो आधी पाण्यात विरघळवा, मग औषध घाला. उलट केले तर ऑक्सिडेशन आधीच सुरू झालेले असते.

तरीही ऑक्सिडेशन होऊन द्रावण गुलाबी होत असेल तर विरघळलेला ऑक्सिजन (तो हाकलायला नायट्रोजन सोडला का?), पीएच आणि लोह कुठून येते ते पाहा. ईडीटीएला बांधलेले लोह पूर्ण निष्क्रिय होत नाही. तांब्याविरुद्ध तो छान चालतो, लोहाविरुद्ध कमी. स्टीलच्या टाकीत द्रावण तासन्‌तास ठेवले तर तो टाकीतूनच धातू ओढू शकतो.

तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर पीएच मोजा. द्रावण फार आम्लधर्मी झाले की ईडीटीएचे मुक्त आम्ल बाहेर पडते, आणि ते पाण्यात फारच कमी विरघळते. झिंक असलेल्या इन्सुलिनच्या फॉर्म्युल्यात ईडीटीए घालू नका. तो झिंक काढून घेतो आणि इन्सुलिनच्या परिणामाचा कालावधी बदलतो.