सर्क्युलर क्यू कशी लिहावी: मोजक्या खणांची गोल रांग

आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जीपीएस मॉड्यूल जोडलं आणि पहिल्याच दिवशी ओळी अर्ध्यावर तुटून यायला लागल्या. मी तारा बदलल्या, मॉड्यूल बदललं, फरक पडेना. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. लूपमध्ये, म्हणजे बोर्ड पुन्हापुन्हा चालवतो त्या भागात, मी एका सेकंदाचा डिले (थांबा) टाकला होता, आणि तेवढ्या वेळात येणारा मजकूर साठवायला उनोकडे ६४ खणांची एक गोल रांग होती, एका खणात एक बाइट, म्हणजे एक अक्षर. ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला साधारण ९६० बाइट येतात, म्हणजे ती रांग ६६ मिलिसेकंदांत भरते. त्यानंतरचं सगळं वाया जातं. ती रांग आतून कशी चालते ते त्या दिवशी नीट समजून घेतलं. तेच इथे पायरीपायरीने मांडतो.

आधी एक प्रश्न. साधा ॲरे (ओळीने मांडलेले खण) घेऊन पुढून काढायचं आणि मागे टाकायचं, एवढं पुरत नाही का? पुरतं, पण पहिली वस्तू काढली की उरलेल्या सगळ्या एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात. आणि सरकवल्या नाहीत तर पुढचे खण रिकामे पडून राहतात, मागे मात्र जागा संपते. माझ्या उनोत रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अवघी २ केबी. तिथे असली उधळपट्टी चालत नाही.

म्हणून रांग गोल करायची. विहिरीवरचा रहाट आठवा: गाडगी मोजकीच, तीच भरतात, तीच रिकामी होतात. फरक इतकाच की इथे गाडगी जागच्या जागी राहतात आणि भरण्याची व उपसण्याची जागा फिरते.

पहिली पायरी म्हणजे या दोन जागांसाठी दोन इंडेक्स, म्हणजे खणांचे क्रमांक, ठेवणं. क्रमांक ० पासून सुरू होतात. पुस्तकांत त्यांना रिअर आणि फ्रंट म्हणतात. मी ‘भर’ आणि ‘उपसा’ म्हणतो. नवी वस्तू जिथे पडेल तो खण ‘भर’, पुढची वस्तू जिथून निघेल तो ‘उपसा’. सुरुवातीला दोन्ही ०.

दुसरी पायरी, इंडेक्स पुढे नेणं. एक मिळवायचा आणि आकाराने, म्हणजे एकूण खणांच्या संख्येने, भागून बाकी घ्यायची (प्रोग्रॅममध्ये % हे चिन्ह). ५ खण असतील तर ४ नंतर पुन्हा ०.

खरी मेख तिसऱ्या पायरीत आहे. रांग रिकामी असते तेव्हा ‘भर’ आणि ‘उपसा’ एकाच खणावर असतात. ती काठोकाठ भरली तरीही दोघं एकाच खणावर! मग ओळखायचं कसं? एक उपाय म्हणजे किती वस्तू आहेत त्याची वेगळी मोजणी ठेवणं. दुसरा, एक खण कायम मोकळा सोडणं. सोप्या प्रोग्रॅमला मोजणी चांगली, पण मी दुसराच उपाय निवडतो. इंटरप्ट, म्हणजे बाइट आला की चालू काम मध्येच थांबवून चालणारा कोड, बाइट टाकतो आणि लूप काढतो, तेव्हा ती मोजणी दोघंही बदलतात. लूपने मोजणी वाचली, एक वजा केला आणि परत लिहिण्याआधीच इंटरप्ट आला, तर त्याने वाढवलेला एक पुसला जातो. मोकळ्या खणाच्या पद्धतीत ‘भर’ फक्त टाकणारा बदलतो आणि ‘उपसा’ फक्त काढणारा. आर्डुइनोची सीरियल रांग अशीच लिहिली आहे, म्हणून ६४ खणांत ६३ बाइट मावतात. पहिल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डची रांगही अशीच होती: १६ जागा, १५ कळा, आणि रांग भरली की बीप.

आता प्रत्यक्ष लिहू:

टाक(वस्तू):
    पुढचा = (भर + १) % आकार
    पुढचा == उपसा असेल तर “भरली” सांगून थांब
    खण[भर] = वस्तू
    भर = पुढचा

काढ():
    भर == उपसा असेल तर “रिकामी” सांगून थांब
    वस्तू = खण[उपसा]
    उपसा = (उपसा + १) % आकार
    वस्तू परत दे

‘टाक’मधल्या शेवटच्या दोन ओळींचा क्रम उलटा करू नका. आधी वस्तू खणात, मग इंडेक्स पुढे. नाहीतर काढणाऱ्याला रांगेत वस्तू आहे असं दिसेल आणि हातात जुना कचरा येईल.

कागदावर ५ खण काढून एकदा फिरवून बघा. क, ख, ग, घ टाकले की ‘भर’ ४ वर, ‘उपसा’ ० वर. ‘च’ टाकायला गेलात तर पुढचा खण ०, तिथे ‘उपसा’ बसलाय, म्हणून रांग भरली. ‘क’ काढा, ‘उपसा’ १ वर जाईल. आता ‘च’ खण ४ मध्ये बसतो आणि ‘भर’ वळसा घेऊन ० वर येतो. ‘ख’ काढून ‘छ’ टाका: तो खण ० मध्ये, पूर्वी जिथे ‘क’ होता तिथे.

आत किती वस्तू आहेत ते हवं असेल तर (भर − उपसा + आकार) % आकार. मधला ‘+ आकार’ गाळू नका. आत्ताच्या उदाहरणात भर १, उपसा २. तो गाळला तर सी भाषेत साध्या इंटमध्ये (चिन्हासकट पूर्णांकात) उत्तर −१ येतं, पायथनमध्ये ४. पायथनमध्ये तपासून सीमध्ये उतरवणारे इथेच फसतात.

रांग भरल्यावर काय करायचं हे मात्र तुम्हालाच ठरवायचं आहे. आर्डुइनो नवा बाइट टाकून देतो. लिनक्स कर्नलचा (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग उलट वागतो, सर्वांत जुन्या नोंदी पुसून नव्यांना जागा देतो. जीपीएसच्या ओळीला अर्धवट तुकड्याचा काही उपयोग नाही, म्हणून मी डिले काढून टाकला आणि लूपच्या प्रत्येक फेरीत रांग पूर्ण उपसायला लागलो. तिथली एक ओळ ८२ अक्षरांपर्यंत लांब असू शकते, ती ६३ बाइटांत एकदम मावणारच नाही.

तपासताना आकार ३ ठेवा. मोठ्या रांगेत वळसा क्वचित येतो आणि चूक लपून राहते. ३ खणांत ती दुसऱ्या-तिसऱ्या वस्तूलाच उघडी पडते. शेजारी एक साधी लिस्ट ठेवून दोन्हींत तेच टाका, तेच काढा, काही हजार वेळा, कुठल्याही क्रमाने. दोन्हींतून निघालेली वस्तू एकदाही वेगळी असेल तर ‘भरली’ आणि ‘रिकामी’ तपासणाऱ्या दोन ओळी आधी बघा.