माफी मागायला लावण्याआधी: समोरासमोरच्या बैठकीत या चुका टाळा

मुलगा मान खाली घालून म्हणतो, "चूक झाली." मोठी माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बैठक तिथंच फसते.

काच फुटली, गाडीचा धक्का लागला, हात उचलला गेला. आपल्या भाषेत करणाऱ्याला लपायला भरपूर जागा आहे. म्हणून रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या, म्हणजे नुकसान करणारा आणि ते सोसणारा यांना समोरासमोर बसवून झालेलं भरून काढण्याच्या कामात मी माफीचा विषय आधी काढतच नाही. "का केलंस?" हेही विचारत नाही, सबबी सुरू होतात. "त्या दुपारपासून सांग, तू काय काय केलंस?" एवढंच विचारते. शेजारच्या आजींचं शिलाई मशीन भंगारात विकलेला पंधरा वर्षांचा मुलगा तिसऱ्या भेटीत म्हणाला, "मीच नेलं. आजी देवळात गेल्यात, हे मला माहीत होतं." ते दुसरं वाक्य ऐकायला तीन भेटी लागल्या, तरी चालतात.

आजींना भेटायचंय का, हे त्यांना स्वतंत्रपणे विचारलं होतं. "मोठ्या मनानं माफ करा" असा दबाव टाकणं ही तितकीच मोठी चूक. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर विषय तिथं संपला असता. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार अशा प्रकरणांत तर समोरासमोर बसवण्याची घाई अजिबात नको. राज्यात 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, गावात मिटवून घ्यायची सवय त्याहून जुनी. पण मिटवणं वेगळं आणि केलेलं कबूल करणं वेगळं.

आजी आल्या. गिऱ्हाइकांचे कापून ठेवलेले ब्लाउज तसेच परत द्यावे लागले, हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मुलानं पहिल्यांदा मान वर केली. मध्ये कुणी उपदेश केला नाही, हे बरं झालं.

मग वडिलांनी पाकीट काढलं. इथं थांबवा. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 18 नुसार बाल न्याय मंडळ (अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं पाहणारं) पालकांनाही दंड भरायला लावू शकतं, पण मुलाची जबाबदारी त्यानं फिटत नाही. कॅनडात ओंटारियोतल्या एल्मायरा गावी 1974 मध्ये दोन तरुणांनी 22 ठिकाणी नासधूस केली होती. प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी यांच्या सूचनेवरून ते स्वतः दारोदार गेले, नुकसान ऐकलं आणि पुढं भरपाईही दिली.

"पुन्हा असं करणार नाही" हा करार नव्हे. आमच्या कागदावर लिहिलं होतं: दर रविवारी दहा वाजता आजींचा बाजार आणायचा, आजींनी वहीत सही करायची.